चित्र तेच, सूर वेगळे

'कोणत्या आजारावर कोणता राग' अशी एक यादी असते. तुमच्याकडेही येऊन गेली असेल. डोकेदुखीला हा, निद्रानाशाला तो, रक्तदाबाला तिसरा. काही वर्षांपूर्वी ईमेलवर फिरायची, आता फोनवर फिरते. आमच्या हापिसातल्या ग्रुपवर ती महिन्यातून एकदा तरी हजेरी लावतेच. :)

यादीची चेष्टा करणं सोपं आहे. पण तिच्यामागे जे गृहीतक आहे ते आपण सगळेच मानतो. राग म्हणजे ठरावीक सूर, त्या सुरांत एक ठरावीक भाव भरलेला, आणि गोळीतलं औषध पोटात गेलं की जसं काम करतं तसा तो भाव कानात गेला की काम करतो. दरबारी गंभीर, मल्हार म्हणजे पाऊस, तोडी करुण. का? तर सुरांतच आहे ते!

आता हे खरं आहे का, हे तपासायला आपल्याकडे एक फार सुंदर पुरावा पडून आहे. रागमाला. म्हणजे रागांची चित्रं. जगात इतर ठिकाणीही लोकांनी संगीतावरून चित्रं काढली, चित्रांवरून संगीत रचलं. पण आपल्याकडे काही शतकं एकेका रागाला त्याचं स्वतःचं असं चित्र होतं, आणि ते चितारणाऱ्यांना पाठ होतं. या चित्रांची जन्मकथा वाचायला लागलो आणि वरच्या गृहीतकाला हळूहळू तडे जायला लागले. तर तीच कथा आज सांगतो.

सुरुवात नाटकापासून. भरताच्या नाट्यशास्त्रात सुरांना रस वाटून दिलेले आहेत. मध्यम आणि पंचम हास्य-शृंगारासाठी, षड्ज आणि रिषभ वीर, रौद्र, अद्भुतासाठी, गांधार आणि निषाद करुणासाठी, आणि धैवत बिचारा बीभत्स आणि भयानकाला. एकदम टेबलच. पण हे टेबल कशासाठी आहे ते विसरायचं नाही. रंगमंचावर प्रसंग चालू आहे, पात्र समोर रडतंय किंवा लढतंय, आणि त्याच्या जोडीला गाणं हवंय. म्हणजे भाव आधीच समोर उभा आहे, सुरांनी त्याला हातभार लावायचा. आजच्या भाषेत पार्श्वसंगीत.

पुढचा मुक्काम आपल्या अगदी घराजवळ आहे. देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. तेराव्या शतकात तिथे यादव राजा सिंघण राज्य करत होता आणि त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत आले. शार्ङ्गदेवाचं खातं हिशोबाचं. म्हणजे दिवसा राज्याचे जमाखर्च बघायचे आणि उरलेल्या वेळात 'संगीतरत्नाकर' लिहायचा. (नोकरी सांभाळून छंद जोपासणाऱ्या समस्त मंडळींनी याचा फोटो टेबलावर लावायला हरकत नाही. फोटो मिळणार नाही, ही गोष्ट वेगळी.) हिशोबनीसाला शोभेल असंच त्याने केलं. २६४ राग मोजले, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या रागांच्या नोंदीत पुढे रकाने भरले. देवता कोणती, ऋतू कोणता, प्रहर कोणता, रस कोणता.

इथे काहीतरी बदललंय बघा. नाटक बाजूला झालं. राग आता एकटा उभा आहे, आणि प्रसंग समोर नसताना त्याचा भाव कळावा म्हणून त्याला वेळ, ऋतू आणि देव चिकटवलेत. आपण फाइलला टॅग लावतो तसे.

टॅगवरून चित्राकडे जायला फार वेळ लागला नाही. १३५० च्या सुमारास सुधाकलश नावाच्या जैन लेखकाच्या संगीतावरच्या ग्रंथात रागांची ध्यानं येतात. ध्यान म्हणजे रागाच्या रूपाचं वर्णन. रंग कसा, हातात काय, वाहन कोणतं. देवाची पूजा करण्याआधी त्याचं रूप डोळ्यांसमोर आणायचं, तसंच गाण्याआधी रागाचं आणायचं. हळूहळू या देवतांची माणसं झाली. राग पुरुष, रागिण्या त्यांच्या बायका, पुढे मुलंसुद्धा. १५७० मध्ये रेवा दरबारच्या क्षेमकर्णाने मांडलेला संसार बघा. ६ राग, प्रत्येकाला ५ रागिण्या आणि ८ पुत्र. गुणाकार केलात तर ८४ जणांचं एकत्र कुटुंब. पुढे पहाडी चित्रकारांनी हेच कुटुंब पिढ्यानपिढ्या रंगवलं. राजस्थानातले चितारी त्या मानाने आटोपशीर, त्यांची माला साधारण ३६ चित्रांची.

१५९१ मध्ये बनारसजवळच्या चुनारला तिघा चित्रकारांनी एक रागमाला पूर्ण केली. तिघेही स्वतःला मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद या मुघल उस्तादांचे शागिर्द म्हणवतात. पुढे बुंदी आणि कोट्याच्या चित्रकारांनी जवळजवळ दोनशे वर्षं तिचे नमुने समोर ठेवून चित्रं काढली. सोळावं शतक संपता संपता दख्खनमध्येही एक अप्रतिम रागमाला रंगवली गेली. ती अहमदनगरची की विजापूरची यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण चित्रांच्या माथ्यावर संस्कृत मजकूर आणि खाली दख्खनी सुलतानी थाटाची रंगसंगती, हे एकत्र नांदताना दिसतं. त्याच काळात विजापूरच्या गादीवर इब्राहिम आदिलशाह दुसरा होता. हा गडी तंबोऱ्याला 'मोतीखान' म्हणायचा, आणि त्याने 'किताब-ए-नौरस' हा दख्खनी भाषेतल्या गीतांचा संग्रह रचला. गीतं रागांनुसार लावलेली, आणि त्यांत सरस्वती आणि गणपतीची स्तुती. नौरस म्हणजे आपले नवरसच. या शब्दाचं त्याला इतकं वेड की १५९९ मध्ये वसवायला घेतलेल्या शहराचं नावही नौरसपूर.

आता चित्रांकडे. दहा-पंधरा रागमाला पाहिल्यात की तुम्ही मथळा न वाचता राग ओळखायला लागाल, इतकी ती ठरलेली असतात. हिंडोल म्हणजे झोपाळा. मेघ म्हणजे काळे ढग आणि त्यांच्याखाली नाचणारा कृष्ण. आसावरी म्हणजे मोरपिसांचं वस्त्र नेसलेली सावळी वनवासी स्त्री, आणि चंदनाच्या झाडावरून तिच्याकडे ओढीने येणारे साप. तोडी म्हणजे रानात बीन घेऊन उभी असलेली स्त्री आणि सुरांना भुलून तिच्याभोवती जमलेली हरणं. भैरवी शंकराच्या पिंडीपुढे पूजा करतेय. ललितात पहाट झालीय, ती अजून झोपलीय आणि तो निघालाय. आणि माझं सगळ्यात आवडतं, विभास. पहाटे कोंबडा आरवणार म्हणजे रात्र संपणार, म्हणून प्रियकर फुलांचा बाण घेऊन कोंबड्यावरच नेम धरून उभा! अलार्म बंद करण्याची ही सोळाव्या शतकातली पद्धत. :)

इथवर सगळं छान चाललंय. रागात भाव आहे, भावाचं चित्र आहे. पण आता हीच चित्रं समोर ठेवून तेच राग ऐकून बघू.

तोडी घ्या. आज आपण ऐकतो त्या तोडीत रिषभ, गांधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. दक्षिणेत जा आणि कर्नाटक संगीतातली तोडी ऐका. तिचे सूर म्हणजे चक्क आपल्या भैरवीचे! आणि उत्तरेतल्या जुन्या ग्रंथांतली वर्णनं तपासली तर तिथली तोडीही या दक्षिणेकडच्या तोडीच्याच जवळ जाते. म्हणजे त्या काळी हरणं जमायची ती आजच्या तोडीला नव्हेच. आपली भैरवीही तेव्हा वेगळी होती. लोचनाच्या 'रागतरंगिणी'त भैरवी म्हणून जे सूर येतात ते आज आपल्याला काफीसारखे वाटतील. हिंडोलाचंही तसंच. आपला हिंडोल सा, ग, तीव्र म, ध, नी असा. दक्षिणेतला हिंदोलम म्हणजे सुरांनी आपला मालकंस. आसावरी तर आपल्याकडेच दोन प्रकारे गातात, शुद्ध रिषभाची आणि कोमल रिषभाची. सापांनी नक्की कोणत्या रिषभावर डोलायचं?

आणि दीपक! तानसेनाने दीपक गायला आणि दिवे पेटले, ही आख्यायिका कोणाला माहीत नाही? रागमालांमध्ये दीपकाचं चित्र हमखास असतं, दिव्यांच्या उजेडात बसलेलं जोडपं. गाणं मात्र मैफिलीतून जवळजवळ नाहीसं झालंय. क्वचित कोणी गायलाच तर कोणता दीपक असा प्रश्न येतो, कारण या एकाच नावाखाली वेगवेगळ्या थाटांतली रूपं सांगितली जातात.

माझ्यासारख्या कोड पाडणाऱ्या माणसाला हा प्रकार फार ओळखीचा वाटतो. फंक्शनचं नाव तेच, त्याचं वर्णनही तेच, आतलं कोड मात्र कोणीतरी पूर्ण बदलून टाकलंय. आणि डॉक्युमेंटेशन अपडेट करायला नेहमीप्रमाणे सगळे विसरले.

हे विसंगत आहे असं आधी लोकांच्या लक्षात आलं नाही का? आलं. १८१३ मध्ये पाटण्याच्या मुहम्मद रझाने 'नग्मात-ए-आसफी' या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. रागाचं आणि त्याच्या रागिण्यांचं सुरांत काहीच साम्य नसेल तर हे कुटुंब कसलं? उदाहरणार्थ हनुमंत मतात तोडी ही मालकंसाची रागिणी. आजचे दोन्ही राग लागोपाठ गाऊन बघा, यांचं लग्न कोणी लावलं असा प्रश्न पडेल. त्यात शिवमत, कल्लिनाथमत, भरतमत अशी वेगवेगळी मतं, आणि प्रत्येकाचं कुटुंब वेगळं.

या कुटुंबाला शेवटचा धक्का दिला तो मुंबईच्या एका वकिलाने. विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा. वकिलीची परीक्षा १८८७ मध्ये पास. पुढे बायको आणि मुलगी दोघीही गेल्या, आणि हा माणूस वकिली सोडून पूर्णपणे संगीताच्या मागे लागला. १९०४ मध्ये दक्षिणेत फिरला, मग उत्तरेत फिरला, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, जुन्या पोथ्या शोधल्या आणि साक्षीदार तपासावा तसं प्रत्येक विधान तपासलं. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' मराठीत आहे, चार भागांत, गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. सवड काढून चाळाच. शिष्य विचारतो आणि गुरुजी त्याला ग्रंथ दाखवतात, उलटतपासणी घेतात, मध्येच कोपरखळ्याही मारतात. ग्रंथात असं लिहिलंय, पण आज असं कोण गातं? हा त्यांचा नेहमीचा सवाल.

उत्तर म्हणून त्यांनी सगळा संसार मोडला आणि राग सुरांवरून दहा थाटांत लावले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. कोणाचा नवरा नाही, कोणाची बायको नाही. दक्षिणेतल्या व्यंकटमखीची ७२ मेळांची मांडणी त्यांच्यासमोर होतीच. यामुळे काय साधलं याची किंमत कमी समजू नका. रागाची विद्या तोवर घराण्यांत बंद होती. जो उस्तादाच्या घरी राहील, त्याची मर्जी सांभाळेल, त्याला मिळेल तेवढी. भातखंड्यांनी नोटेशनसह बंदिशी छापल्या आणि गावातल्या शाळामास्तराच्या मुलीलाही पुस्तक उघडून यमन शिकता येईल अशी सोय केली. वर्गात बसून संगीत शिकण्याची जी काही व्यवस्था आज आपल्याकडे आहे, तिच्या पायात हे दगड आहेत.

पण एक गोष्ट त्यांनी टाकली नाही. वेळ! देव गेले, झोपाळे गेले, हरणं गेली, घड्याळ मात्र राहिलं. उलट घड्याळाला त्यांनी सुरांचा नियम शोधला. कोमल रिषभ-धैवताचे राग संधिप्रकाशात, म्हणजे दिवस-रात्र जोडल्या जातात तेव्हा. त्यानंतर शुद्ध रिषभ-धैवताचे, आणि मग कोमल गांधार-निषादाचे. नियमाला अपवाद आहेत, ते त्यांनाही ठाऊक होते. पण इतक्या चिकित्सक माणसालाही 'हा राग या वेळचा' हे वाक्य खोडावंसं वाटलं नाही, यात मला काहीतरी अर्थ दिसतो.

मग भाव नक्की कुठे असतो?

'सगळा सवयीचा भाग आहे, सुरांत काहीच नसतं' असं म्हणून मोकळं होता येईल. पण तेही पूर्ण खरं नाही. १९९९ मध्ये बॉल्कविल आणि थॉम्प्सन या दोघांनी कॅनडात एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिंदुस्थानी रागांशी परिचय नसलेल्या पाश्चात्य श्रोत्यांना त्यांनी रागांचे तुकडे ऐकवले आणि त्यात आनंद, दुःख, राग (म्हणजे संताप, आपला राग नव्हे!) आणि शांती किती जाणवते ते विचारलं. पहिले तीन भाव श्रोत्यांनी बऱ्यापैकी बरोबर ओळखले. लय जलद की संथ, स्वररचना साधी की गुंतागुंतीची, असल्या गोष्टींवरून ते अंदाज बांधत होते. माणूस चिडल्यावर किंवा खचल्यावर त्याची चाल आणि आवाज बदलतो, तो जगभर साधारण सारखाच. तेवढं कोणालाही कळतं. अडला तो चौथा. शांती त्यांना ओळखता आली नाही.

मला या निकालाने बराच वेळ गप्प बसवलं. म्हणजे भावाचे दोन थर आहेत. खालचा थर शरीराचा, त्याला पासपोर्ट लागत नाही. वरच्या थरात शांत रस आहे, पहाटेचा विरह आहे, हरणांना भुलवणारा एकटेपणा आहे. तो एकट्या सुरांनी पोचत नाही. त्याला शब्द लागतात, ठरलेली वेळ लागते, चित्र लागतं, आणि आधी ऐकलेल्यांनी शेजारी बसून 'हे बघ, इथे बघ' म्हणणं लागतं. ऐकणाऱ्यांच्या समूहाने आपापसात केलेला तो एक करार आहे. रागमाला म्हणजे त्या कराराची रंगीत प्रत. सूर बदलले तरी ती तीनशे वर्षं चालत राहिली, कारण चितारी करार रंगवत होते, सूर नव्हे.

हे कोरडं वाटत असेल तर भैरवी आठवून बघा. चित्रात ती पूजेला बसलेली शांत भक्तीण आहे, आणि राग सकाळचा. पण आपल्याकडे मैफल संपते भैरवीने, कीर्तन संपतं भैरवीने. कितीतरी पिढ्यांनी ती रात्री उशिरा, निघायच्या वेळी ऐकली. परिणाम काय? आज पहिला कोमल रिषभ लागला की सभागृहात एक हलका उसासा येतो. संपलं आता. मराठीत नुसतं 'भैरवी झाली' म्हटलं तरी पुरतं. हा निरोप त्या सुरांत मुळात नव्हता, चित्रातही नव्हता. तो आपण सगळ्यांनी मिळून, पुन्हा पुन्हा त्याच जागी ऐकून, त्यात भरला. आणि म्हणून तो खोटा ठरत नाही. गळ्यात येणारा आवंढा खराच असतो.

आता यातली काळजीची गोष्ट. सुरांत भरलेला भाव असता तर तो रेकॉर्डिंगमध्ये कायमचा सुरक्षित राहिला असता. करार मात्र पाळला तरच टिकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले, वर्षातल्या मोजक्या दिवसांना १२ पर्यंतची सूट. नियम योग्यच आहे, झोप सगळ्यांना हवी. पण सवाई गंधर्व महोत्सवासारख्या रात्रभर चालणाऱ्या मैफिलींचा शिरस्ता त्यामुळे गेला. उत्तररात्रीचा राग उत्तररात्री, माणसांच्या गर्दीत बसून ऐकण्याचे प्रसंग आमच्या पिढीला फारसे मिळालेच नाहीत. आम्ही मालकंस ऐकतो तो लोकलमध्ये, सकाळी सव्वानऊला, हेडफोन लावून. ॲपवर 'शांत', 'फोकस', 'झोप' असे मूड असतात आणि त्यांत राग टाकलेले असतात. थोडक्यात, शार्ङ्गदेवाचे रकाने आजही भरले जातायत. फक्त तो देव, ऋतू, प्रहर लिहायचा, आणि आपण लिहितो ते सगळं स्वतःबद्दल.

याला वाईट म्हणायचं का, ते मी ठरवू शकत नाही. कदाचित यातूनही नवा करार होईल आणि शंभर वर्षांनी कोणीतरी गर्दीत हेडफोन लावून उभ्या असलेल्या माणसाचं चित्र काढून खाली 'मालकंस' लिहील. पण जुन्याची चव एकदा तरी घ्यावी असं मनापासून वाटतं. म्हणून या शनिवार-रविवारपुरता छोटासा गृहपाठ. पहिला, मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांपुढे थोडा वेळ थांबा. दुसरा, पहाटे साडेपाचला उठा. हो, रविवारीच! गाड्यांचा आवाज सुरू व्हायच्या आत ललित लावा, दोन मध्यम शेजारी शेजारी येतात तिकडे कान ठेवा, आणि ते चित्र आठवा. ती झोपलीय, तो निघालाय. घरातल्या कोणालातरी सोबत उठवता आलं तर उत्तम. करार एकट्याने होत नाही.